माझ्यावर आधीच रडून गेलेली बाय

बाय, तुझ्या मयताला शब्द लावून कुणी रडलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण तू पहिलं तेच विचारलं असतंस. कोण कोण आलं होतं आणि कोण आलं नाही, ते नंतर.

बायका पुष्कळ आल्या होत्या. ओटीवर बसायला जागा नव्हती. तुझी लेक संगी उशाशी होती आणि तिला हुंदक्यांपुढे काही येत नव्हतं. तिला शब्द येत नाहीत, तिच्या वयाच्या कुठल्याच मुलीला येत नाहीत. मग म्हाताऱ्या बायका एकेक करून माझ्याकडे बघायला लागल्या. मी तुझी धाकटी जाऊ, एका चुलीवर जन्म काढलेली. रडण्याचा पहिला हेल माझ्याकडूनच यायला हवा होता. मी उठले आणि लाकडं आली की नाही ते बघायला मागच्या दारी गेले.

आपल्याकडे बायका मयतामागून वेशीपर्यंत जातात. तिथून पुरुष पुढे, बायका माघारी. वेशीवरचा शेवटचा हेल इतकी वर्षं तूच काढायचीस आणि तो संपेपर्यंत खांदेकरी थांबून राहायचे. तुझ्या वेळीही तिरडी वेशीवर थांबली. सवयीने थांबली. चौघे जण तुला खांद्यावर घेऊन उभे राहिले, कुणीतरी काही म्हणेल म्हणून. मग मागून कुणीतरी म्हणालं, "चला रे," आणि ते निघाले.

मी लग्न होऊन म्हसा गावाजवळच्या या घरात आले तेव्हा मला असं रडणं माहीत नव्हतं. माझं माहेर बदलापूरच्या बाजूचं. आमच्याकडे माणूस गेलं की लोक रडतात, नाक पुसतात आणि तयारीला लागतात. तू उंबरमाळीकडच्या डोंगरातल्या पाड्यावरची. तुला पहिल्यांदा ऐकलं ते आपल्या आतेसासूच्या मयताला. तू तिच्या पायाशी बसलीस, पदर तोंडावर ओढलास आणि तिच्याशी बोलायला लागलीस. सुरात, लांब हेल काढून, एकेक ओळ. तिची म्हैस ओढ्यात वाहून गेली तेव्हा ती किती दिवस जेवली नव्हती, तिच्या हाताला भाकरी कशी फुगायची, नवऱ्याने तिला कुठल्या कारणावरून मारलं होतं, सगळं तू तिलाच सांगत होतीस. नवरा समोरच बसला होता. त्याने मान वर केली नाही.

घरी आल्यावर तू भाकऱ्या थापायला बसलीस. मी विचारलं, "बाय, तुला एवढं रडू येतं कुठून?"

"येत नाय गो. आनावं लागतं," तू म्हणालीस आणि परातीतलं पीठ पुढे ओढलंस.

तू सराव करायचीस हे माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. आपली भातगिरणी सुरू झाली की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. तू मागे कोंड्याच्या पोत्यांवर बसून ओठ हलवत असायचीस. मला वाटायचं, जप करतेस. एकदा लाइट गेली, गिरणी एकदम थांबली आणि तुझा आवाज तेवढा उघडा पडला, "आबा रे, तुझी काठी कोपऱ्यात उभी रे, तिला कोन सांगंल रे..." समोरच्या आळीतले आबा तेव्हा धडधाकट होते. भाताचं पोतं घेऊन दारातच उभे होते.

"माजीच तयारी काय गो?" आबांनी विचारलं.

"तुमची घाई नाय, आबा. पन येळेवर सुचत नाय," तू म्हणालीस.

आबा खूप हसले. पुढे काही वर्षांनी ते गेले, तू काठीची ओळ म्हटलीस आणि अख्खी आळी रडली. माझे डोळे कोरडेच राहिले, कारण ती ओळ मी आधी ऐकली होती. तेव्हा मी तुला म्हटलं होतं की हे सगळं नाटक आहे. तू म्हणालीस, "असंल. मंग नाटकात वाईट काय हाय?" आपलं भांडण तिथे सुरू झालं.

तुझं रडणं घरातून रस्त्यावर आलं ते मुरबाडच्या एसटी स्टँडवर. वीटभट्टीवरून परत निघालेलं एक कुटुंब फलाटावर बसलं होतं. बोचकी, टोपलीत एक कोंबडी, दोन मुलं. बाई भिंतीला टेकून समोर बघत होती. तू सहज विचारलंस, कुठं चाललात. नवऱ्याने सांगितलं की सगळ्यांत धाकटी पोर भट्टीवरच तापाने गेली, तिथेच पुरली, आणि हिने अजून तोंड उघडलेलं नाही. तू पोरीचं नाव विचारलंस. नाव ठेवायचं राहिलं होतं. बारकी म्हणत.

एवढ्याशा लेकरावर हेल काढत नाहीत, ही आपल्याकडची रीत. तू ती बाजूला ठेवलीस, फलाटावर मांडी घातलीस आणि बारकीला हाक मारलीस. माणसं जमली. कुणी म्हणालं पैसे मागतेय, कुणी म्हणालं अंगात आलंय. पोरांनी मोबाइल काढले. मी दोन्ही पिशव्या घेऊन लांब जाऊन उभी राहिले होते, जशी काही तुझी माझी ओळखच नाही. आपली गाडी निघून गेली. बऱ्याच वेळाने त्या बाईच्या घशातून आवाज निघाला. तो आवाज मी लिहू शकत नाही. तो निघाल्याबरोबर तू थांबलीस, उठलीस आणि मला म्हणालीस, "आन ती पिशवी."

पुढच्या गाडीत मी तुला धारेवर धरलं. "तुझं काय गेलं होतं त्यात? भर स्टँडवर तमाशा कशाला? रडायचं ते माणसाने घरात रडावं."

"तिचं घर कुठं होतं गो मंदे?" तू म्हणालीस. "स्टँडच होता ना."



त्यानंतर तुला कुणी आवरू शकलं नाही. शहापूरच्या रस्त्याला रुंदीकरणात मोठी चिंच पडली, तू तिच्या बुंध्यावर बसून रडलीस. बुजवलेल्या विहिरीवर रडलीस. सापगावच्या पुढे गाडीखाली एक बेवारशी वेडा आला, तू त्याच्यावर रडलीस आणि पंचनामा करणारा पोलीस टोपी काढून उभा राहिला. मग भानावर आला आणि तुला हाकलायला लागला. तुझे व्हिडिओ फिरले. तुला रडूबाय नाव पडलं. गिरणीवर येणारे मला टोमणे मारायचे, "काय मंदाताय, बायचा आजचा प्रोग्राम कुठं? आमच्याकडं उंदीर मेलाय."

पोत्यांमागून तुझं उत्तर यायचं, "मांजरीला बोलव. तिला जास्त दुःख हाय."

मला हसू यायचं आणि संतापही. मी तुला म्हणायचे, कला शिकावी लागते, तिला जागा असते, वेळ असते, ऐकणारा आपल्या पायाने येतो. वाटेतल्या माणसाला अडवून ऐकवायचं ही कसली कला? ही दांडगाई.

"अडवल्याबिगर थांबतो कोन?"

"मग टोलनाकाही कलाच म्हण."

"टोलनाक्यावर कोन रडतं काय?"

"सगळेच रडतात."

तू इतकी हसलीस की तुला ठसका लागला. पाणी मीच आणून दिलं.

मग गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी शहापूरच्या बाजारात कल्याणच्या मुलांनी तो कार्यक्रम ठेवला. एक मुलगा अंगाला माती लावून दिवसभर पुतळ्यासारखा उभा राहणार होता. एक मुलगी रस्त्यात बसून येणाऱ्याजाणाऱ्याचे फाटके कपडे शिवून देणार होती. त्यांनी तुझा व्हिडिओ बघितला होता. तन्वी नावाची मुलगी तुला बोलवायला गिरणीवर आली. "मावशी, तुम्ही करता तो परफॉर्मन्स आहे," ती म्हणाली. शब्द तुला कळला नाही, पण तो माझ्या विरोधात आहे हे बरोबर कळलं. तू माझ्याकडे वळून बघितलंस.

मला वाटलं होतं, तू तिथे गप्प बसशील. मेलेलं माणूस समोर नसताना तुला काही सुचणार नाही आणि परतताना मी म्हणेन, बघ. तसं काही झालं नाही. तुला ते फार आवडलं. नवी साडी, बाजारातला ओटा, समोर सतरंजीवर पुढे सरकून बसलेली माणसं. मी पहिल्या रांगेत, तुझी पिशवी मांडीवर घेऊन.

"कोनावर रडू?" तू विचारलंस.

"कोणावरही, मावशी. मनात आणा कुणालातरी," तन्वी म्हणाली.

तू सगळ्या बाजारावरून नजर फिरवलीस आणि माझ्यावर आणून थांबवलीस.

मी जिवंत समोर बसले होते आणि तू माझ्यावर रडलीस. "मंदे गो, गिरनीचा पट्टा आता कोन चढवील गो... लाइट गेली तं शिव्या कोन घालंल गो..." लोक हसले. मीही हसले. मग तू सांगितलंस की तुला टायफॉइड झाला तेव्हा मी तुझी वेणी घालायचे, तोंडाने बोल लावायचे पण हात हळू चालायचा. हे मला आठवतही नव्हतं. आणि मग तू माझ्या बाळाला हाक मारलीस.

आपल्या घरात त्याचं नाव कुणी काढत नाही. पाळण्यात तो फार दिवस राहिला नाही. रीतीप्रमाणे त्याच्यावर कुणी हेल काढला नाही. सुगी होती, लोकांचं भात येऊन पडलं होतं, मी गिरणीवर जाऊन उभी राहिले. यात सांगण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. तू शहापूरच्या बाजारात म्हणालीस, "तुझ्या बाल्याला भेटलीस काय गो मंदे... मी तवा रडली नाय गो, रीत आडवी आली गो... तू भात भरडत होतीस न मी बघत होती गो... तुझं दूध कोंड्यात सांडलं गो..."

कोथिंबीर विकणाऱ्या बायका रडत होत्या. तन्वी रडत होती. पुतळा झालेल्या मुलाच्या गालावरची माती ओली झाली होती. मी तुझी पिशवी ओट्यावर ठेवली आणि उठून चालायला लागले.

परतीच्या जीपमध्ये मी एवढंच म्हटलं, "मी मेले नव्हते."

"म्हनूनच तं," तू म्हणालीस. "डोक्याला कावळा शिवला की माहेरला खोटा निरोप धाडतात नं, मेली म्हनून? ती रडतात, मंग खरं सांगतात. रडनं झालं की मरान टळतं. मी तुझं मरान टाळलंय."

"मला कावळा शिवलेला नाही."

"पुढं शिवंल तं?"

जीपमधली माणसं हसली. मी तुझ्याशी बोलणं बंद केलं ते शिमग्यापर्यंत. एका चुलीवर राहून अबोला धरणं सोपं नाही. "मीठ" एवढंच म्हणायचं आणि भिंतीकडे बघायचं. तेवढ्या काळात मी शहापूरला बाजाराला गेले की बायका दचकायच्या. एकीने माझ्या दंडाला हात लावून बघितला. "अगो बाय, तू जिती हायस? आमी रडलो की गो तुझ्यावर!" मीच तिला फसवल्यासारखी ती बोलत होती, खरं तर फसवलं होतंस तू. पण तिने कोथिंबिरीची जुडी जास्तीची टाकली.

शिमग्याला गिरणीचा पट्टा तुटला आणि दोघींना मिळून तो ओढावा लागला, म्हणून आपण बोलायला लागलो. त्या दिवसाबद्दल मात्र बोललो नाही. एक गोष्ट मला तुला विचारायची होती. बाल्याच्या त्या ओळी बाजारात उभ्या उभ्या सुचलेल्या नव्हत्या. तुझी घोटलेली ओळ मला ओळखू येते. मग माझ्या पाठीमागे, पोत्यांवर बसून, गिरणीच्या आवाजात तू त्याच्यावर किती वर्षं रडत होतीस? मी पुढे भात ओतत होते. मला वाटायचं, तू गावातल्या म्हाताऱ्यांची तयारी करतेस.

हे विचारायचं राहिलं. पावसाळा संपता संपता तुझ्या छातीत पाणी झालं. ठाण्याला नेलं. घशात नळी घातली आणि सगळ्यांत आधी तुझा आवाज गेला. मी तिथे रडारड केली नाही. रक्त मिळवलं, रिपोर्ट नीट लावून ठेवले, डॉक्टरांना सरळ प्रश्न विचारले. एका दुपारी तू डोळ्यांनी खिडकीकडे खुणावलंस. बाहेर एसीच्या खोक्यावर कावळा बसला होता. तू माझ्याकडे बघितलंस आणि भुवया उडवल्यास. ती थट्टा होती की मागणं होतं, ते मला अजून ठरवता येत नाही. मी म्हटलं, "गप पड."

आता जे सांगते ते तुला माहीत नाही. त्या दिवशी परत येताना मी मुरबाडला उतरले. गावची गाडी यायची होती. फलाट तोच. कावळ्यावर माझा विश्वास नाही. पण डॉक्टरांच्या बोलण्यात "बघू" हा शब्द वाढला होता आणि करण्यासारखं माझ्याकडे दुसरं काही उरलं नव्हतं. तुझं मरण टळत असेल तर खोटं रडायला माझं काय जाणार होतं? मी जमिनीवर मांडी घातली, पदर तोंडावर घेतला आणि म्हटलं, "बाय गो..."

पुढे काही येईना. मग ठरवलं की तुझ्याबद्दल जे माहीत आहे ते एकेक सांगत जावं. तोंडातून निघालं ते असं, की तू गोळ्या वेळेवर घेत नाहीस, मिश्री सोड म्हणून सांगून जीभ झिजली, दम लागत होता तो महिनाभर लपवून ठेवलास, संगीला कळवू दिलं नाहीस. माझा आवाज चढत गेला. सूर लागला नाही, नुसता चढला.

"काय झालं ताय? पाकीट मारलं काय?" एका माणसाने विचारलं.

"नाही."

"मारलं असंल तं पोलिसात जा. हितं वरडून काय व्हनार?"

शेजारी बसलेली म्हातारी त्याला म्हणाली, "घरचं भांडान असंल तिचं. जा रे तू." तिने आपली टोपली सरकवून मला पाय लांब करायला जागा दिली. कुणी थांबलं नाही. कुणी मोबाइल काढला नाही. गाडी लागली तशी मी उठले, साडी झटकली आणि चढले.

दुसऱ्या दिवशी तू डोळे उघडले नाहीस.

बाय, मी जन्मभर म्हणत आले की रडणं कुणालाही येतं, त्यात कला कसली. जागा तुझीच होती, माणूस माझं होतं, आणि गरज तर एवढी होती की त्याहून मोठी मला पुन्हा पडणार नाही. तरी मला ते आलं नाही. पाकीट मारलेली बाई आणि मी, यांतला फरक रस्त्यातल्या एका माणसालाही कळला नाही. तुझ्या वेळी त्याच फलाटावर एसटी सोडून माणसं उभी राहिली होती. म्हणजे ती कला होती, हे मी मान्य करते. टोलनाक्याचं मात्र मागे घेत नाही.

दहाव्याला कावळा लगेच शिवला. सगळे म्हणाले, बायची कसलीच इच्छा मागे राहिली नव्हती. मला पटलं नाही. तुला वेशीवरचा हेल हवा होता. कावळ्याला भूक लागली होती.

तन्वीचा फोन आला होता. शहापूरच्या बाजारात त्याच ओट्यावर तुझं रेकॉर्डिंग लावायचं म्हणते, तुझ्या आठवणीसाठी. मी नको म्हटलं. त्यात तू माझ्यावर रडतेस आणि मी अजून आहे. ते जपून ठेव, माझ्या वेळेला वेशीवर लाव, असं तिला सांगितलं. ती हो म्हणाली. म्हणजे माझी सोय तू करून ठेवलीस. तुझी कुणी केली नाही.

काल गिरणी उघडली. नवं भात अजून यायचं आहे. गिरणी रिकामी चालवायची नसते, आत रबरावर रबर घासून जळतं, हे मी संगीच्या नवऱ्याला ओरडून सांगितलेलं आहे. काल मी दार आतून लावलं आणि दाणाही न घालता बटण दाबलं. पट्टा फिरायला लागला, पत्रे थरथरायला लागले. मी मागे जाऊन तुझ्या पोत्यांवर बसले आणि तोंड उघडलं. आधी तुझ्यासाठी, मग बाल्यासाठी. काय निघालं ते मला ऐकू आलं नाही. तुझ्या हिशेबाने ही कला नव्हे, कारण मी कुणालाही अडवलं नाही.

लाइट जाईल अशी सारखी धास्ती वाटत होती. गेली नाही. रबराचा जळका वास आला तेव्हा मीच उठून बटण बंद केलं.